डब्याला वास भारी, पण धुरात चव कुठे जाते? (पाईपची तंबाखू आणि कोकणातला पावसाळा)

खाडीपलीकडे (धागाकर्ता)
मंडळी, इथे पाईप ओढणारे कोणी आहेत का? माझा मामा बोटीवर चीफ इंजिनिअर होता, रिटायर होऊन आता जयगडला असतो. त्याचा एक जुना ब्रायरच्या लाकडाचा पाईप मला मिळालाय, सोबत नाइटकॅप नावाच्या तंबाखूचा एक डबा. डब्याचं झाकण काढलं की जो वास येतो ना, धूर, चामडं, सुके अंजीर, मागून कुठूनतरी मिरी, नुसता वास घेत बसावं असं वाटतं. पण पेटवल्यावर सुरुवातीचे झुरके बरे लागतात आणि मग नुसती गरम वाफ, जीभ चरचरते, पाईपच्या दांड्यात घर्रघर्र आवाज आणि सारखी काडी ओढायची. मामा म्हणतो हीच तंबाखू डिसेंबरात ओढ, वेगळीच लागेल. पण डिसेंबर लांब आहे आणि बाहेर धो धो पाऊस.

तर विचारायचंय हे की डब्यातला वास धुरात उतरतच नाही का? का आपल्या हवेचा दोष? आणि तुम्हाला कुठलं ब्लेंड (तंबाखूंचं मिश्रण) आवडतं, का आवडतं, ते सविस्तर लिहा. "सोडून दे" म्हणणाऱ्यांनीही लिहा, पण आधी चवीवर बोलूया.

कातळसडा
वाचतोय. चहा टाकलाय.

डेकहँड
हवेचाच दोष आहे, मामांचं बरोबर आहे. तंबाखूचं पान हवेतला ओलावा शोषून घेतं. जुलैत आपल्याकडे मीठ पाघळतं, पापड दुपारपर्यंत मऊ पडतात, तिथे तंबाखू कशी कोरडी राहील. शिवाय डब्यातली तंबाखू कारखान्यातूनच जरा ओलसर येते, वाटेत वाळून चुरा होऊ नये म्हणून. ती तशीच भरली तर आधी पाणी तापतं, त्याची वाफ जिभेवर येते आणि तीच जीभ भाजते. घर्रघर्र आवाज त्याच पाण्याचा. आणि ओली तंबाखू विझते म्हणून माणूस जोरात ओढतो, जोरात ओढलं की निखारा लाल होतो, मग चवीचं जे काही असतं ते सगळं जळून जातं. एकातून एक सगळं.

एका वेळेला पुरेल एवढीच तंबाखू काढ, कागदावर पसर. पंख्याखाली ठेवू नको, पंखा तीच दमट हवा फिरवतो. चहा झाल्यावर गॅसच्या बंद केलेल्या शेगडीशेजारी ताटली ठेव नाहीतर टेबल लॅम्पखाली. चिमटीत दाबून बघायची, गोळा होऊन राहिली तर अजून ओली आहे, बोटं सोडल्यावर आपणहून सैल झाली की भरायची. हाताला वाटेल की फारच वाळली, तेव्हाच ती बरोबर असते.

भरताना जुने लोक सांगतात तसं, तळाला लहान मुलाच्या हाताने, मध्ये बाईच्या हाताने आणि वर पुरुषाच्या हाताने दाबायची. ओढून बघितल्यावर हवा सहज आली पाहिजे. एकदा पेटवायची, फुलून वर येते, टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, हलकी दाबायची, मग पुन्हा पेटवायची. आणि त्यानंतर घाई अजिबात नाही.

सुरंगी
बाईचा हात मध्यम जोराचा हे कोणी ठरवलं म्हणे? या आमच्याकडे वेंगुर्ल्याला, पाट्यावर खोबऱ्याचं वाटण वाटून दाखवा आधी :)

माझे बाबा कॅप्टन ब्लॅक ओढायचे, पांढऱ्या पाकिटातली. मी कधी ओढली नाही पण त्या वासात मी वाढले. व्हॅनिलाचा वास सगळ्या ओटीवर यायचा, शेजारचे विचारायचे आज केक केलाय का. आणि गंमत म्हणजे बाबा स्वतः म्हणायचे की मला यातलं काही लागत नाही, तुम्हालाच मजा. तेव्हा मला वाटायचं मस्करी करतात. हे खरंच असं असतं का?

डेकहँड
सुरंगीताई, वाटणाचा मुद्दा मान्य, उद्यापासून क्रम बदलतो.

बाबांचं अगदी खरं होतं. त्याला अ‍ॅरोमॅटिक म्हणतात. पानांवर दोनदा संस्कार होतात, आधी केसिंग म्हणजे साखर, ज्येष्ठमध, कोको असलं काहीतरी पानात मुरवायचं, आणि शेवटी टॉपिंग म्हणजे व्हॅनिला, रम, चेरी वरून फवारायचं. हे टॉपिंग उडून जाणारं असतं, ते खोलीत पसरतं, शेजारी बसलेल्याला सगळं मिळतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडात थोडा गोडवा राहतो. त्यात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, त्याने ती ओलसर राहते, कितीही वाळवा. म्हणून आपल्या पावसाळ्यात अ‍ॅरोमॅटिक सगळ्यात जास्त जीभ भाजते. घरच्यांसाठी उत्तम, ओढणाऱ्यासाठी कठीण.

गजालवाडी
माका ह्या पायपातला काय एक कळणा नाय, पण वाचूक बरा वाटता. आमचो आजो चिलीम ओढी. निपाणीची तंबाखू, तेच्यात काळो गूळ घालून मळून ठेवी, वर सोडणाचो इस्तो. वास कसो गोडूस येय. आजी देवाक फुला घालताना करवादी, "ह्या धुरात देव दिसाचो नाय माका." तुमच्या त्या डब्यातल्यांनी पण गूळच घातल्यानी म्हणायचो मगे?

डेकहँड
अगदी तेच की हो! आजोबा घरच्या घरी केसिंग करत होते.

रातांबा
धागाकर्त्याच्या डब्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. नाइटकॅप हे लाटाकियाचं ब्लेंड आहे, अ‍ॅरोमॅटिकचा नियम त्याला लागत नाही. त्याचा वास पानातच आहे, वरून मारलेला नाही. त्यामुळे तो धुरात उतरतो, उतरलाच पाहिजे.

लाटाकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव. तिथल्या डोंगरातले लोक तंबाखूची पानं टांगून खाली लाकडाचा, झुडपांचा धूर द्यायचे, आठवडेच्या आठवडे. आता बाजारात येते ती बहुतेक सायप्रसची, तिथे मॅस्टिक, मर्टल, पाइन अशा सुवासिक झाडांचा धूर देतात. पान काळंकुळकुळीत होतं. सुरुवात कशी झाली त्याची एक गोष्ट सांगतात, एका वर्षी पीक जास्त आलं, विकलं गेलं नाही, ते घराच्या आढ्याला टांगून ठेवलं आणि खालच्या चुलीच्या धुराने हिवाळाभर ते आपोआप मुरलं. खरीखोटी माहीत नाही, पण मला ही गोष्ट वाचल्या वाचल्या पटली कारण आमच्या राजापूरच्या घरात चुलीवरचा माळा अगदी हेच काम करायचा. आमसुलं, बियाण्याची कणसं, सुकट, सगळं त्या माळ्यावर, आणि सगळ्याला तो एक काळा, गोडसर, किंचित खारट धुराचा वास. मी पहिल्यांदा लाटाकिया ओढली तेव्हा थेट त्या माळ्यावर गेलो. ज्यांचं लहानपण चुलीजवळ गेलं त्यांना हे पान ओळखीचं वाटतं, बाकीच्यांना रबर जळल्यासारखं. माझ्या बायकोचं मत दुसऱ्या गटातलं आहे.

नाइटकॅपमध्ये लाटाकियाच्या जोडीला व्हर्जिनिया आहे, ओरिएंटल आहे आणि पेरीक आहे. तुला जे अंजीर आणि मिरी जाणवतेय ना, ती पेरीक. अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात होते, व्हिस्कीच्या पिंपात पानं दाबून वर जड दाब देऊन वर्षभर स्वतःच्याच रसात आंबवतात. नुसती पेरीक कोणी ओढत नाही, फार तिखट, पण चिमूटभर पडली की सगळ्या ब्लेंडला खोली येते. एकूण जड प्रकरण आहे. पोटभर जेवल्यावरच ओढ, रिकाम्या पोटी घाम फुटेल.

माडाखाली
रातांबा, लिहिलंय सुंदर, पण लाटाकियाने सुरुवात म्हणजे पहिल्याच दिवशी तिरफळ घातलेली आमटी. मी आयुष्यभर व्हर्जिनियावाला. गरम हवेच्या कोठारात पान वाळवतात, आत धूर जाऊ देत नाहीत, त्यामुळे पानातली साखर तशीच राहते. सॅम्युएल गॅविथची फुल व्हर्जिनिया फ्लेक हे माझं दैवत. इंग्लंडातल्या केंडलची १७९२ पासूनची कंपनी. दाबून वडी केलेली, त्याचे पातळ काप. आधी वाळलेल्या गवताचा वास, मग पावाच्या कडेसारखं भाजकं गोड, आणि अगदी सावकाश ओढली तर मध्येच कुठेतरी मनुका. पण व्हर्जिनियाला घाई चालत नाही, साखर जास्त म्हणून जीभ पण हीच सगळ्यात आधी सोलते.

दुसरं, व्हर्जिनिया बरणीत ठेवली की वर्षागणिक चांगली होते, गोडवा मुरतो. लाटाकियाचं उलट, तिचा धूर हळूहळू विरतो. तेव्हा धागाकर्त्या, तुझा डबा साठवून ठेवण्यात अर्थ नाही, ओढून संपव.

कातळसडा
आता लिहितो. वाळवण्याबद्दल मी डेकहँडशी सहमत नाही. व्हर्जिनिया फ्लेक वाळवा, पण लाटाकियाचं ब्लेंड फार वाळवलं की त्यातलं तेलकट, मऊ असं जे आहे ते जातं आणि नुसता करपट धूर उरतो. मी फक्त पाईप भरून तासभर तसाच ठेवतो, मग पेटवतो. आणि अर्धा ओढून विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवला तर चव जास्त घट्ट लागते, हा माझा अनुभव.

डेकहँड
कातळसडा, तू कोल्हापुरात राहतोस ना? तिथे भरून ठेवलेला पाईप तासाभरात वाळतो. रत्नागिरीत जुलैत भरून ठेवला तर तासाभराने अजून ओला होतो.

कातळसडा
गाव कातळसड्यावरच आहे हो, नोकरी कोल्हापुरात. पण मुद्दा बरोबर, जून ते सप्टेंबर तुमचंच खरं धरतो. बाकीच्या आठ महिन्यांत माझं.

नाक_कान_घसा
मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर नाकात आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. अंजीर, चामडं, मनुका हे सगळं नाकाला कळतं. डबा हुंगता तेव्हा वास पुढून जातो. धूर तोंडात असताना तो घशाच्या मागून नाकात चढायला हवा, तरच चव जाणवते. सर्दीत जेवण बेचव लागतं ते याच कारणाने. पाईपवाले म्हणूनच थोडासा धूर, छातीत न घेता, तोंडातून हळूच नाकाने सोडतात. थोडासाच. भसकन सोडला तर डोळ्यांतून पाणी येईल.

निखाऱ्याचंही तेच. वासाची द्रव्यं निखाऱ्याच्या लगेच खाली, जिथे पान नुसतं तापतंय तिथे मोकळी होतात. निखारा भडकला की ती जळून जातात. म्हणून पाईप विझेल की काय अशा बेताने ओढला की सगळ्यात चांगला लागतो.

आता माझ्या पेशाचं बोलतो, आणि हे मी मनापासून लिहितोय. पाईपचा धूर छातीत घेत नाही म्हणून निर्धोक, हे खरं नाही. हवेवर वाळवलेल्या पानाचा, म्हणजे बर्लीसारख्याचा, धूर अल्कलीकडे झुकणारा असतो आणि त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणून तलफही लागते. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका पाईपवाल्यांना आहेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवून घ्या. आपल्याकडे लोक गणपती होऊन जाऊ देत, मग बघू म्हणतात.

सुरंगी
डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे पाईपपेक्षा मिशेरी जास्त. आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तो ठसका अजून आठवतो, आणि मग दात घासायला. दिवसातून कितीतरी वेळा. तिला कोणी व्यसन म्हणायचं नाही, सगळ्या बायका करायच्या, दातांना चांगली म्हणायच्या. बाबांच्या पाईपवर मात्र घरात रोज चर्चा. चवीसाठी ओढणारे बाबा आणि सवयीने मिशेरी लावणारी आजी, यात बाबांना निदान त्यात काहीतरी आवडत होतं हे मला दिसायचं.

पिठीभात
अवांतर: तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. अकबराला ती दाखवली त्याच्या दरबारातल्या असद बेगने, १६०४-०५ च्या सुमारास, आणि त्याने ती आणली होती विजापूरहून. म्हणजे आग्र्याच्या आधी आमच्या दख्खनला ठाऊक होती. रत्नजडित नळी वगैरे घेऊन गेला होता. हकीम नको नको म्हणत होता तरी बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. पुढे जहांगीरने बंदी घातली, तिचा काय उपयोग झाला ते आपण बघतोच आहोत.

अति अवांतर: वर निपाणीचं नाव आलंय म्हणून. १९८१ साली तिथे तंबाखू शेतकऱ्यांचं शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, गोळीबारात शेतकरी गेले. चवीबद्दल बोलताना पान पिकवणाराही लक्षात असावा असं वाटलं.

रातांबा
पिठीभात, शेवटच्या वाक्याला सलाम.

हर्णैचा_वारा
एक व्यावहारिक शंका. ब्रायरच का? आमच्याकडे फणस, शिवण, खैर, एवढी लाकडं आहेत. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, लेथवर काय सुंदर काम करतात. त्यांच्याकडून पाईप करून घेता येईल का?

डेकहँड
टँपर करून घे, स्टँड करून घे, मी घेतलाय आणि फार देखणा झालाय. पाईप नको. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कारखान्यात तासन् तास उकळतात, मग महिनोन् महिने वाळवतात. तिला आग सहज लागत नाही आणि ती ओलावा थोडा पिऊन घेते. खैराचं लाकूड कठीण आहे हे खरं, पण त्याची स्वतःची चव धुरात उतरेल. आणि खेळण्यांवर लाखेचा रंग असतो, तो तर तापलेल्या पाईपवर अजिबातच नको.

माडाखाली
पावसाळ्याबद्दल एक राहिलं. बुरशी! डबा एकदा उघडला की त्याची हवाबंदी संपली. चिनीमातीची लोणच्याची बरणी वापरू नका, तिचं झाकण हवा अडवत नाही. रबरी वायसर असलेली काचेची बरणी घ्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा, मग भरा. आणि जुन्या व्हर्जिनियावर पांढरे कण दिसले तर लगेच फेकू नका. चमकणारे, बारीक खड्यांसारखे असतील तर ते पानातूनच बाहेर आलेले स्फटिक, चांगली मुरल्याची खूण. कापसासारखं, धाग्याधाग्यांचं काही दिसलं किंवा कुबट वास आला तर मात्र ती बुरशी, तेव्हा सगळी बरणी टाकून द्यायची, वरची काढून खालची वापरू असं करायचं नाही.

गजालवाडी
बुरशी इल्ली तर पापडासारखी उनात घालतल्यात काय? ऊन खंय हा पण!

हर्णैचा_वारा
ऊन गणपतीनंतर, बाप्पा जाताना सोडून जातो :)

आणि मिळतात कुठे हे डबे? इथे पानपट्टीवर विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

डेकहँड
आमच्या भागात बहुतेक सगळं बोटीवाल्यांच्या बॅगेतून येतं. परदेशातून येताना तंबाखू १२५ ग्रॅमपर्यंतच ड्यूटी-फ्री आणता येते, म्हणजे पन्नास ग्रॅमचे दोन डबे. तेवढ्यात वर्ष काढायचं, म्हणून आमच्यासारखे लोक एकेक ब्लेंड एवढं घोळवून घोळवून ओढतात. आणि तेच बरं आहे, डॉक्टर वर म्हणाले ते लक्षात घेता.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री जेवण झाल्यावर ओढला. डेकहँडदादांनी सांगितलं तसं शेगडीशेजारी ताटलीत तंबाखू ठेवली होती, बोटांना कुरकुरीत लागेपर्यंत नाही, कातळसडांचा मान राखून थोडी आधीच उचलली. भरली सैल. आणि डॉक्टरांची नाकाची युक्ती. मंडळी, फरक केवढा! जीभ अजिबात चरचरली नाही. आधी नुसता धूर, लाकडाचा, जड. मग बराच वेळ काही नवीन नाही, आणि मी म्हटलं आता एवढंच असणार, तेवढ्यात नाकातून सोडताना ते अंजीर आलं. डब्यातल्यासारखं नाही. डब्यात ते ओलं, आंबूस होतं, इथे भाजलेलं, आणि मागे खारट काहीतरी, समुद्रावरून आल्यावर ओठांवर असतं तसं. ते ओरिएंटल असेल का? शेवटच्या भागात मिरी वाढली, आणि मग जरा डोकं हलकं झालं म्हणून तळाशी थोडी उरली होती ती टाकून दिली.

मामाला फोन केला तर तो म्हणाला की बोटीवर एसी केबिनमध्ये कोरड्या हवेत ओढायची सवय, म्हणून त्याला हे कधी करावं लागलं नव्हतं, घरी आल्यावर त्याला वाटलं होतं ब्लेंडच बिघडलं.

रातांबा
खारट ते ओरिएंटलच असणार. तुर्कस्तान, ग्रीसकडचं बारक्या पानांचं, उन्हात वाळवलेलं पीक. लाटाकियाच्या जोरात ते दबतं, सावकाश ओढणाऱ्यालाच सापडतं. तुला सापडलं याचा मला फार आनंद झाला. आता पुढच्या वेळी मामांना अर्ली मॉर्निंग पाईप आणायला सांग कोणाकडून तरी. त्यात लाटाकिया कमी आहे, ओरिएंटल पुढे येईल, आणि जडही नाही.

आणि याच घराण्यातलं माय मिक्श्चर ९६५ मिळालं तर सोडू नको. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनला ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून द्यायचे आणि वहीत नंबर घालून नोंद ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी तेच मिळावं. ९६५ हा त्यातलाच नंबर. आता हे डबे पीटरसन या कंपनीच्या नावाने येतात.

माडाखाली
मी अजूनही म्हणतो, फ्लेक. एक काप तुला पोस्टाने पाठवला असता, पण पावसात पोचेपर्यंत त्याचं लोणचं होईल. दिवाळीत रत्नागिरीला येतोय, तेव्हा भाट्ये किनाऱ्यावर भेटू, घेऊन येतो.

नाक_कान_घसा
आठवड्यातून एखादाच ओढा, आणि येताना तोंड उघडून दाखवा मला, फी नाही. डोकं हलकं झालं ते निकोटिन, तिथे थांबलात ते योग्य केलंत.

सुरंगी
वाचनखूण साठवली. बाबांचा पाईप कपाटात आहे अजून, डबीत थोडी तंबाखूही आहे, कडक वाळलेली. वास मात्र अजून येतो. डेकहँड, व्हॅनिला खरंच एवढी वर्षं टिकते का?

डेकहँड
टॉपिंग बहुतेक उडून गेलेलं असणार, ताई. आता येतोय तो खालच्या पानाचा, बर्लीचा असेल, कोको आणि शेंगदाण्याकडे जाणारा. व्हॅनिलाखाली एवढी वर्षं तो झाकलेला होता. डबी घट्ट बंद करून ठेवा, आणि पावसाळ्यात उघडू नका.